दुसरी चिठ्ठी

दोन्ही चिठ्ठ्यांवर मी शोभाताईंचंच नाव लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला भोळी समजणार नाही.

तशी मी तोंडावर बोलणारी बाई. मनीषनगरात कोणालाही विचारा. भाजीवाल्याने काटा मारला तर भर बाजारात सांगते. यमुताईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, खीर अगोड झाली तर त्यांच्यासमोरच सांगते. माझा नवरा सुमंत म्हणतो, "सुरुची, तुझ्या पोटात काही राहत नाही." हे एवढं एकच राहिलं. वर्षभर राहिलं अन् सडलं.

झालं असं. आमच्या संस्थेच्या दोन शाळा होत्या. मनीषनगरची मोठी, तिथे माझी नूपुर सहावीत. हुडकेश्वरची छोटी. छोट्या शाळेत शेवटी एक्केचाळीस पोरं उरली, तेव्हा संस्थेने ती बंद करून पोरं आमच्याकडे आणली. शाळा एक झाल्या म्हणजे पालक-शिक्षक संघही एक करावा लागतो. आमच्या संघाची सहसचिव मी, तिकडच्या संघाची सहसचिव शोभाताई. आता जागा एकच उरली होती.

सहसचिव म्हणजे नाव साहेबाचं अन् काम हमालाचं. चारशे पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळा, सभेचं इतिवृत्त लिहा, खिचडी चाखून सही करा, ऑटोवाल्यांशी भांडा, "ताई, आमच्या पोराची बाटली सापडली का" याला उत्तर द्या. बँकेतली नोकरी सांभाळून तीन वर्षं मी हे केलं होतं. जीव विटला होता. पण "सोडते" म्हणायची हिंमत नव्हती. हिंमत कशाची, मिजास म्हणा. "सुरुचीताई आहेत म्हणून शाळा चालते" हे ऐकायची कानाला चटक लागली होती. काम जावं अन् नाव राहावं, असं मला पाहिजे होतं.

जुलैतल्या एका शनिवारी दोन्हीकडच्या पालकांची सभा भरली. आमचे पालक पुढच्या खुर्च्यांवर ऐसपैस बसले. हुडकेश्वरचे मागच्या बाकांवर, अंग चोरून. "तिकडचे आले का सगळे?" असं कोणीतरी मोठ्यानं विचारलं. कोणीतरी काय, मीच विचारलं. खोटं कशाला सांगू.

शोभाताईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, जांभळी सुती साडी, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांची नात मिनल तिसरीत होती. मुलगा दुर्गेश मौद्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला, सून सोनिका त्याच्याजवळ. पोरीची शाळा मोडू नये म्हणून मिनल आजीजवळ राहायची. शोभाताई सगळ्यांसाठी स्टीलचा डबाभर तळलेली गोड खुरमी घेऊन आल्या होत्या. "नव्या घरी रिकाम्या हातानं कसं यावं, मॅडम?" म्हणाल्या, अन् खुरमी ताटात ओतली.

मुख्याध्यापिका चारुशीला मॅडमनी विचारलं, "दोघींपैकी कोणी नाव मागे घेतंय का?"

मी उभी राहिले. म्हटलं, "मी जबाबदारीला कधी पाठ दाखवली नाही." टाळ्या पडल्या. शोभाताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तुम्ही ठरवान ते." मग मॅडम म्हणाल्या, चिठ्ठ्या टाकू, कोणाला वाईट वाटायला नको.

वही माझ्याजवळ, पेन माझ्याजवळ. "मी लिहिते," म्हटलं. पहिल्या चिठ्ठीवर शोभाताईंचं नाव लिहिलं. दुसरीवर माझं लिहायचं होतं. हात कापला वगैरे काही नाही. पुन्हा त्यांचंच नाव लिहिलं, घडी घातली, अन् रिकाम्या झालेल्या खुरमीच्या डब्यात दोन्ही टाकल्या. पहिलीतल्या एका पोरीनं डोळे मिटून एक उचलली. मॅडमनी नाव वाचलं. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या मी वाजवल्या, अन् चेहरा असा पाडला की दोघीतिघी माझी समजूत घालायला आल्या.

त्याच गडबडीत घोटाळा झाला. दुसरी चिठ्ठी उचलून पर्समध्ये टाकायची, असं मी ठरवलं होतं. पण समजूत काढणाऱ्यांतून सुटून वळते तर डबा गायब! शोभाताईंनी झाकण लावून पिशवीत घातला होता. आता मागायचा तरी कसा? फाटकाशी त्यांनीच मला गाठलं अन् माझे दोन्ही हात धरले.

"मॅडम, मी सातवी शिकेल बाई. हे मले झेपन का? पण चिठ्ठी निघाली. चिठ्ठीले नाही कसं म्हणू?"

"झेपेल हो, काहून नाही झेपणार," मी म्हटलं. नजर त्यांच्या पिशवीवर होती.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशीही काही बोभाटा झाला नाही, तेव्हा वाटलं, खुरमीच्या चुऱ्याबरोबर गेली असेल कचऱ्यात. मग हळूहळू विसरले. संध्याकाळी फोन वाजेना, सुमंतशी दोन घटका बोलता यायला लागलं, नूपुरचा अभ्यास घेता यायला लागला. किती वर्षांनी घर घरासारखं वाटलं! यमुताई म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुझ्या मागची साडेसाती गेली." मी हसले.

ती साडेसाती आता हुडकेश्वरहून चालत येत होती. शोभाताईंनी लाल पुठ्ठ्याची एक वही केली. तिच्यात एक्केचाळीस नावं. त्यांच्या जुन्या शाळेची एक रीत होती. पोरगं दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी संघातलं कोणीतरी त्याच्या घरी जायचं. ओरडायला नाही, नुसतं विचारायला. शोभाताईंनी ती रीत आमच्या शाळेत आणली. "एक्केचाळीस आणली, तं एक्केचाळीस वर्गात दिसले पाहिजे," म्हणायच्या. शाळा लांब पडते म्हणून कोणी पोरगी घरी बसवली की ह्या दारात हजर.

आमच्याकडचे पालक आधी हसले. "आल्या पोलीसबाई," म्हणायचे. दसऱ्यापर्यंत आमच्याकडच्या पोरांची नावंही त्या वहीत चढली, अन् हसणं बंद झालं. नवरात्रात त्या आमच्या घरी आल्या, यमुताईंच्या हातचा चहा प्यायल्या, अन् तिथून पुढे मी त्यांच्यासाठी "मॅडम" राहिले नाही. "सुरुची वं" झाले. मलाही ते आवडायला लागलं. माझ्या आईकडचं कोणी आता नागपुरात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. अंगणात पणत्या लावून ठेवल्या होत्या. शोभाताई एकटक पाहत होत्या.

"सुरुची वं, तुले दिव्याभवती रंगीत कडं दिसते का?"

"नाही तं. काहून?"

"मले दिसते. डोकंही लय ठणकते." मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू. मेडिकलच्या, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्याच्या, डॉक्टरनं उन्हाळ्यातच सांगितलं होतं, डोळ्यात थेंब रोज टाका, दर पंधरा दिवसांनी मंगळवारी दाखवायला या, ऑपरेशन लवकर करून घ्या. गेलेली नजर परत येत नाही, हेही सांगितलं होतं. उन्हाळ्यात त्या जात होत्या. जुलैपासून एकदाही गेल्या नव्हत्या. मंगळवारी गैरहजर पोरांची यादी हातात पडायची ना.

जुलैपासून. तो महिना मी चांगला ओळखत होते.

"शोभाताई, भैताड झाल्या का? सोडा ते काम! दुसरं कोणी करेल."

"चिठ्ठीनं आलेलं काम मधात सोडता येते का, बाप्पा? मार्चले परीक्षा झाल्या की करतो ना ऑपरेशन."

तिथेच सांगायचं होतं. 'तुमची चिठ्ठी खोटी होती, शोभाताई, मी लबाडी केली, उद्याच डॉक्टरकडे चला.' चार वाक्यंही नाहीत. पण सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या शाळेत झालं असतं. अन् काम? ते फिरून माझ्याच गळ्यात. मी म्हटलं, "चकली घ्या, खुसखुशीत झाली आहे." देवाशपथ, हेच म्हटलं.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. शोभाताई पोरींच्या वेण्या घालत इकडून तिकडे फिरत होत्या अन् डावीकडच्या दाराच्या चौकटीवर धाडकन आदळल्या. कपाळावर टेंगूळ आलं. "चौकटच मधात आली," म्हणून हसल्या. डाव्या बाजूचं त्यांना दिसत नव्हतं. मला कळलं, अन् तिथे उभ्या असलेल्या सोनिकालाही कळलं. ती मुद्दाम मौद्याहून मिनलचा नाच पाहायला आली होती.

सोनिकानं मला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. "ताई, आई आमचं कोणाचंच ऐकत नाही. ह्यांनी रागानं सांगितलं, बाबांनी सांगितलं. तुमचं ऐकते. सारखं सुरुची सुरुची करत राहते. तुम्ही सांगा न तिले, सोड म्हणा."

"सांगते," मी म्हटलं. "आजच सांगते."

सांगितलं काय? तर त्या दिवशी मी शोभाताईंना सगळ्यांदेखत झापलं. तब्येतीची काळजी नाही, सुनेला किती ताप, वगैरे वगैरे. आवाज भरपूर केला. आवाज करायला मला काय लागतं! खरं ते एक वाक्य तेवढं त्या आवाजाखाली दाबून टाकलं. शोभाताई कौतुकानं ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तू एवढं जीव तोडून बोलते, म्हणून तं मले आणखीच सोडवत नाही वं."

तेव्हा मला हे बोलणं समजलं नाही. समजायचा प्रयत्नही केला नाही.

मार्चमध्ये परीक्षेच्या पहिल्या दिवशी शोभाताई शाळेत आल्या नाहीत. दुपारी दुर्गेशचा फोन आला. डावा डोळा गेला होता. सकाळी उठल्या तेव्हा त्या डोळ्यानं खिडकीचा उजेडही कळेना. उजवा वाचवायला तातडीनं ऑपरेशन करणार होते. मी बँकेत काउंटरवर होते. समोरच्या माणसाला पासबुक परत दिलं अन् आत जाऊन बेसिनवर रडले. माझ्या शेजारी बसणारी बाई विचारत होती, कोण गं, नातेवाईक का? काय सांगू?

उजवा डोळा वाचला, पण नजर अंधूकच राहिली. एप्रिल, मे मी त्यांच्याकडे जात राहिले. थेंब टाकायची, भाजी निवडायची, पेपर वाचून दाखवायची. गणपतराव, शोभाताईंचे यजमान, कूलरमध्ये पाणी भरता भरता म्हणायचे, "पोरीसारखं करते वं तू माय." मी सेवा करत नव्हते, फेडत होते. अन् ते कळू न देता फेडत होते, म्हणजे तीही लबाडीच.

त्यांच्या वहीतली एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पोरं वर्षअखेरपर्यंत शाळेत होती. चारुशीला मॅडमनी निकालाच्या दिवशी हे मुद्दाम सांगितलं. एकही गळालं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आठ दिवस आधी मॅडमचा फोन आला. नव्या वर्षाचा संघ करायचा, पुन्हा चिठ्ठ्या टाकू. मला मात्र 'चिठ्ठी' हा शब्दच सहन झाला नाही. सुमंतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग?" मी स्कूटी काढली. भर दुपार, ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. वाटेत वाक्य पाठ करत गेले.

शोभाताई पलंगावर बसून चाचपत तांदूळ निवडत होत्या. मिनल मौद्याला गेली होती, गणपतराव आतल्या खोलीत झोपले होते. मी म्हटलं, "शोभाताई, एक सांगायचं आहे. चिठ्ठीबद्दल."

त्या हसल्या. "थांब. आधी मी सांगतो. मले मालूम हाय."

त्यांनी उशाखालची पितळी डबी काढली. तिच्यात दोन चिठ्ठ्या होत्या. एक मॅडमनी वाचून त्यांच्या हाती दिलेली. दुसरी खुरमीच्या तेलानं पिवळी पडलेली. दोन्हींवर माझं अक्षर.

"त्या दिवशी घरी येऊन डबा घासाले घेतला, तं ही बुडाशी चिकटून होती. उघडली. पाहतो तं हिच्यावर बी माहंच नाव! मी तं रडलीच वं सुरुची."

"रडल्या?"

"मंग? आमची शाळा बंद झाली. पंचवीस वर्षं त्या शाळेत आमच्या घरचं कोणी ना कोणी होतं. मागच्या बाकावर बसलो त्या दिवशी, 'तिकडचे' म्हणे कोणी तरी. वाटलं, संपलं आपलं. अन् एवढ्या मोठ्या शाळेची बाई, स्वतःचा मान सोडून, दोन्हीवर माहं नाव लिवते! कोणाले कळू न देता! मी बी कोणाले सांगितलं नाही, यांना बी नाही. तुह्यावर बोल यीन म्हणून." त्यांनी चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं. "डोळा गेला तं गेला. पण तू एवढा मान दिला, तं मी मधात कशी सोडू? देवानं नेमलं असतं तं सोडलंही असतं. तू नेमलं होतं."

आतल्या खोलीत गणपतराव घोरत होते. कूलरचं पाणी टपटपत होतं. पाठ करून आणलेलं एकही वाक्य आठवेना.

गप्प बसता आलं असतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं. ती बाई आयुष्यभर दुवा देत राहिली असती. पण माझ्या पोटात आता खरंच काही राहीना.

"शोभाताई, तसं नव्हतं," मी म्हटलं. "मला ते काम नको होतं. कंटाळले होते. सोडलं असं कोणी म्हणायला नको, म्हणून तुमच्या गळ्यात घातलं. 'तिकडचे' म्हणणारीही मीच होते. मला माफ करा."

शोभाताईंचा उजवा डोळा माझ्याकडे होता, अन् डावाही, न दिसणारा. मग त्यांनी दोन्ही चिठ्ठ्यांच्या घड्या घातल्या, आधीच्याच घडीवर घडी. डबीत टाकायला गेल्या अन् थांबल्या. डबी बाजूला ठेवली. चिठ्ठ्या मुठीतच राहिल्या.

"हे मले काहून सांगितलं वं?" त्या हळू म्हणाल्या.

"माझ्यानं राहवलं नाही."

"हाव. तुह्यानं राहवलं नाही." त्यांनी मूठ माझ्यापुढे उघडली. "सांगून तू मोकळी झाली. आता मी हे कुठी ठेवू?"

त्या परत तांदळाकडे वळल्या, अन् एक खडा त्यांच्या बोटांतून निसटून तसाच तांदळात गेला. मला दिसला. मी तो काढला नाही, कारण सूप माझ्याकडे ओढायचा धीर झाला नाही.

जुलैच्या सभेत चिठ्ठ्या टाकायची वेळ आली नाही. मी हात वर केला अन् सगळ्यांसमोर सांगितलं, काय केलं ते, पहिल्यापासून. चारुशीला मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पुढच्या खुर्च्यांवरून कोणीतरी "शी" म्हटलं. बरोबरच म्हटलं. काम मलाच मिळालं, दुसरं कोणी घ्यायलाच तयार नव्हतं. लाल वही तेव्हा हुडकेश्वरला आलेल्या सोनिकानं मिनलच्या हाती पाठवली. आता मंगळवारी यादी घेऊन मी हुडकेश्वरला जाते, दारोदार. पोरं सगळी आहेत.

शोभाताई मिनलला सोडायला फाटकापर्यंत येतात, दुर्गेशनं आणून दिलेली काठी टेकत. माझ्याशी बोलणं टाकलं नाही त्यांनी. तसं केलं असतं तर बरं होतं. परवा मिनल दोन दिवस दिसली नाही म्हणून तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले. त्यांनी दार उघडलं, आवाजावरून मला ओळखलं, अन् पदर सारखा केला.

"या मॅडम," म्हणाल्या. "पोरीले ताप हाय. सोमवारी पाठवतो. पाणी आणू का तुमच्यासाठी?"